उभ्या उभ्या सांगितलेलं

कोपरगाव
१२ डिसेंबर २०२४

चि. धनश्री हिस,

अनेक आशीर्वाद. हे दोन शब्द रीत म्हणून लिहिले. आज माझ्या तोंडात आशीर्वाद नाही.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तुझ्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलंय. मी बोलत असतो आणि मागं तुझी बोटं टकाटका चाललेली असतात, ते मला ऐकू येतं. मी अजून बहिरा झालेलो नाही. 'हं नाना, हं नाना, पाच मिनिटांत करते.' गणपतीत म्हणालेली पाच मिनिटं अजून संपायची आहेत तुझी! म्हणून हे पत्र. उत्तर हातानं लिहायचं. टाईप केलेलं आलं तर बंबात घालीन.

सोमवारी तुझ्या आईच्या डाव्या डोळ्याची पट्टी काढली. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. समोर माणूस उभा आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. नगरचे डॉक्टर म्हणाले, आतला पडदा पुरता सुटला होता, ऑपरेशन केलं पण हाताला फार काही लागलं नाही. म्हणाले, सुरुवातीला डोळ्यात काजवे चमकतात, काळे ठिपके तरंगतात, तेव्हाच आणायला पाहिजे होतं. कधीपासून होतं हे? तर तुझी आई म्हणाली, "दिवाळीपासून. पोरीला सांगितलं हुतं. ती म्हनली, काही होत न्हाई."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी काय तोंड दाखवणार?

तू दिवाळीला चार दिवस आलीस. चारही दिवस ओसरीवर तो लॅपटॉप मांडीवर घेऊन. आईनं ताट वाढून आणलं तर ते बाजूला निवत पडलेलं. ऑपरेशनच्या दिवशी आलीस, तर दवाखान्याच्या जिन्यात बसून परत तेच. आणि घरच्या ग्रुपवर व्हिडिओ कसला टाकलास? दर बुधवारी तू ऑफिसातल्या चाळीस माणसांना वर्ग घेतेस. काम आणि घर यांचा तोल कसा सांभाळावा, एका वेळी एकच गोष्ट मन लावून कशी करावी. प्रत्येकाच्या हातावर एकेक मनुका ठेवतेस. बघा, वास घ्या, सावकाश चावा. पाच मिनिटं! अगं, एका मनुकेला पाच मिनिटं देतेस आणि आईला काय दिलंस?

लक्ष म्हणजे काय ते मला विचार. बत्तीस वर्षं शुगर फॅक्टरीत पॅनवर, पाक आटवणाऱ्या त्या टाकीवर, काढली. पाकात साखरेचा दाणा पडायला लागतो तेव्हा मी काचेच्या पट्टीवर थेंब घेतो, दिव्यासमोर धरतो आणि पापणीसुद्धा हलवत नाही. तेवढ्यात चुकलं की खोटा दाणा पडतो आणि अख्खा पॅन वाया जातो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी दर सीझनला मला बोलावतात, ते काय माझ्या मिशा बघून?

मला अठ्ठावीस नोव्हेंबरला कळलं. डाव्या अंगानं मोटारसायकल आली आणि तुझ्या आईला दिसलीच नाही. थोडक्यात वाचली.

आता मला एवढंच कळव. आई त्या दिवशी काय म्हणाली आणि तू काय म्हणालीस? शब्दाला शब्द लिहून पाठव.

नाना


पुणे
२१ डिसेंबर २०२४

ती. नाना,

सा. न. वि. वि.

बारा वर्षांनी हातानं पत्र लिहितेय. अक्षर लागलं नाही तर माझा नाइलाज आहे.

आई मला असं काही बोलली नाही. बोलली असती तर मी त्याच दिवशी गाडीत घालून तिला नगरला नेलं असतं. मी काय दगड आहे का? शब्दाला शब्द कुठून आणू? भाऊबीजेच्या दिवशी, रविवार असून, आमचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम होतं. अकरा जण लाईनवर होते. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली एवढं आठवतं. हातात चकलीचा झारा होता. मला वाटलं चहा विचारतेय. तेवढंच. शपथ घालून विचारा.

आणि मनुकेला हसू नका. मागच्या वर्षी आमच्या टीममधली यामिनी काम करता करता खुर्चीवरून खाली कोसळली. तिला उचलणारी मी होते. त्यानंतर कंपनीनं हा वर्ग सुरू केला आणि माझ्या गळ्यात मारला. बाकीच्या कामातून एक तासही कमी न करता! बुधवारी एकपर्यंत मी लोकांना सावकाश खायला शिकवते आणि एक वाजून पाच मिनिटांनी कीबोर्डवर डबा उघडते. मला कळत नाही का यातलं सोंग? रोज कळतं. पण सोंगाचं शिक्षण मला घरीच मिळालंय.

हो, घरीच. राग आला तर येऊ द्या. सीझनचे पाच महिने आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. तुम्ही आलात की आई दटावायची, "गप बसा, नानांच्या डोळ्यात अजून दाणा हाय." तुमच्या डोळ्यात आम्ही कधी होतो? दहावीचा निकाल घेऊन मी धावत आले होते. तालुक्यात दुसरी. तुम्ही 'हं' म्हणालात आणि त्या कागदावर पाण्याचा तांब्या ठेवलात. गोल डाग अजून आहे त्यावर. आई सगळं महत्त्वाचं उभ्या उभ्या, एकदाच आणि घाईत सांगते, ते तिला कुणी शिकवलं? बसून सांगायला तिला कधी कुणी वेळच दिला नाही. फटीत बोलायची सवय लागली तिला.

मी रोज तिला फोन करते. "काही न्हाई गं, बरी हाय," याच्यापुढे एक शब्द नाही. मी रडले तरी नाही.

आता मी विचारते. तुम्ही तर त्याच घरात होतात. रोज तिच्या हातचं जेवत होतात. काजवे तिच्या डोळ्यात महिनाभर चमकत होते आणि तुम्हाला मोटारसायकल येईपर्यंत काही दिसलं नाही? तुमची ती पापणी न हलवणारी नजर कुठं गेली होती? आईनं तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं?

धनश्री


कोपरगाव
३ जानेवारी २०२५

धनश्री,

तुझं पत्र मिळालं. मी तुला डोळ्याचं विचारलं, तू वीस वर्षांपूर्वीचा तांब्या काढलास. वकील व्हायला हवी होतीस. तांब्याचं मला आठवत नाही. ठेवला असेल. दोन पाळ्या करून आलेला माणूस तांब्या कुठं ठेवतो ते बघत नाही.

आता कामाचं ऐक. डॉक्टरनी उजवा डोळाही तपासला. त्याचा पडदासुद्धा कडेला विरलाय. लेसर मारून ठेवलंय, पण भरवसा नाही म्हणाले. पुन्हा काजवे चमकले, ठिपके दिसले, तर त्याच दिवशी आणायचं. एक दिवस गेला तरी हा डोळाही जाईल. आणि ते चमकणं बाहेरून दिसत नाही, धनश्री. मी कितीही टक लावून बघितलं तरी मला दिसणार नाही. तिनं सांगितलं तरच कळणार.

आणि ती सांगत नाही.

रोज सकाळी मी विचारतो, "चमकतंय का?" "काही न्हाई." डॉक्टरनी शिकवल्यासारखं डावा डोळा झाकून समोरचं कॅलेंडर वाचायचं असतं. परवा मी मुद्दाम कॅलेंडर उलटं टांगलं. नुसती कोरी पाठ. तिनं पीठ मळता मळता मान वर न करता सांगितलं, "दिसतंय सगळं." मी ओरडलो. ती म्हणाली, "दिसतंय म्हनलं ना. व्हा बाजूला, भाकरी करपंल." आता दूध उतू गेलं तरी ती सांगत नाही, गाय व्याली तरी मला गोठ्यात गेल्यावर कळतं. बेचाळीस वर्षांत अशी कधी नव्हती. भांडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरात बाई वावरते आणि आवाज फक्त भांड्यांचा येतो.

तू तिची लेक. तुला सांगेल. तिच्या तोंडातून काढून घे. काहीही कर.

ही आपली पत्रं तिच्या कानावर जाऊ द्यायची नाहीत. उगाच मनाला लावून घेईल. तुझं पत्र मी वाचून झाल्यावर पिठाच्या डब्यामागं ठेवतो, तिथं कुणाचा हात जात नाही.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही. बापाला असं विचारायचं नसतं.

नाना


पुणे
१५ जानेवारी २०२५

नाना,

शब्दाला शब्द मागितला होतात ना? घ्या.

आमच्या मीटिंगांचं रेकॉर्डिंग होतं. नव्वद दिवस राहतं आणि मग आपोआप पुसलं जातं. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मला ते आठवलं. तोवर मी ठाम होते की आई बोललीच नाही, आणि माझा माईक तर बंदच होता. माईक चालू होता, नाना. भाऊबीजेच्या रविवारी, मीटिंग सुरू होऊन एक तास दहा मिनिटं झाल्यावर, हे आहे:

आई : धने, ऐक ना. डाव्या डोळ्यात काजव्यावानी चमकतंय. तीन दिस झालं. आनि केसावानी काळं काळं काहीतरी तरंगतंय.

मी : हं.

आई : तुज्या नानांना सांगितलं. ते म्हनले, मला काय कळतंय त्यातलं, पोरगी येनार हाय, तिला इचार. दाखवू का डागदरला?

मी : काही होत नाही गं. चष्म्याचा नंबर वाढला असेल. पड जरा.

आई : बरं.

मग तिच्या चपला लांब जाताना ऐकू येतात. मग आमच्यातला एक जण विचारतो, सगळं ठीक ना? मी म्हणते, काही नाही, चालू ठेवा. हैदराबादेपासून लंडनपर्यंत अकरा जणांनी माझ्या आईला ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त मी. उत्तर दिलं आणि ऐकलं नाही!

मी ते चौदा वेळा लावलं. दर वेळी वाटतं, या वेळी तरी मी वळून बघीन. ते 'बरं' काही केल्या जात नाही कानातून. बुधवारी वर्गात मनुका वाटायला उभी राहिले आणि पिशवी तशीच टेबलावर ठेवली. तब्येत बरी नाही सांगून निघून आले. माझी लाज वाटते मला. तुम्ही लिहिलेलं सगळं खरं होतं आणि ते कमीच लिहिलंत.

पण तुम्ही?

तुम्ही मला चार पानं भरून झोडपलंत. पापणी, काच, दाणा! डॉक्टरनं बघितल्यावर काय तोंड दाखवू म्हणालात. तुम्हाला तर माझ्या आधी सांगितलं होतं तिनं! तुम्ही तिला माझ्याकडे ढकललंत, मी तिला अंथरुणाकडे ढकललं. आणि डॉक्टरसमोर सगळं पोरीच्या नावावर लिहून मोकळे झालात. दवाखान्यात मान खाली घालून उभे होतात, मला वाटलं दुःखानं. नाना, मी चुकले ते न ऐकून. तुम्ही ऐकून गप्प बसलात आणि वर खोटं बोललात. मला तुमचा इतका राग आलाय की हे लिहिताना दोनदा कागद फाटला.

असो. मी ठरवलंय. मार्चपासून घरूनच काम करायची परवानगी मिळतेय. राम, तुमचा जावई, त्याचीही हरकत नाही. मी कोपरगावला येऊन राहते. ओसरीवर बसून काम करीन आणि आईवर लक्ष ठेवीन. आता तुमच्या भरवशावर तिला ठेवणार नाही.

धनश्री


कोपरगाव
२४ जानेवारी २०२५

चि. धनश्री,

होय. सांगितलं होतं.

एकदा नाही, दोनदा. पहिलं तू ऐकलंसच. दुसरं वीस नोव्हेंबरला. त्या दिवशी सीझनचा पहिला दाणा धरायचा होता. मी अंघोळ करून, काच पुसून खिशात ठेवून निघालो होतो. ती दाराशी उभी होती. म्हणाली, "डाव्या बाजूनं काळं आल्यावानी वाटतंय वो." पहिल्या दाण्याच्या दिवशी घरातून वाईट शब्द ऐकून निघायचं नाही, असा माझा नेम आहे, तुला माहीत आहे. मी म्हणालो, "आज तरी अपशकुनी बोलू नको." ती म्हणाली, "बरं."

मग आठ दिवस मी विचारलं नाही. विसरलो म्हणायला तोंड नाही. विसरलोच होतो.

पहिला दाणा मात्र उत्तम पडला. साहेबांनी पाठ थोपटली.

तुला शिव्या देत होतो तोपर्यंत मला बरं वाटत होतं. आता तेही राहिलं नाही. तू यायचं ते ये. हे पत्रही जपून ठेव, तिला सांगू नकोस.

नाना


कोपरगाव
१२ फेब्रुवारी २०२५

धने,

मी लिहितेय. एका डोळ्यानं लिहितेय म्हनून वळी वर चढत्यात. सातवी पास हाय मी. तुमी दोघं इसरला असाल.

तुमची समदी पत्रं मी वाचली. तुजी आलेली वाचली, आनि ह्यांची तुला धाडायच्या आदी तितंच असायची, तीबी वाचली. कुठं लपवावी मानसानं? पिठाच्या डब्यामागं! म्हनं तिथं कुनाचा हात जात न्हाई. बेचाळीस वरसं दोन टायमाला त्या डब्यात माजा हात जातोय. ह्यांना त्यो हात कवा दिसला न्हाई, मंग पत्रं मला दिसतील हे कसं कळावं? वाचून परत हुती तशीच ठिवायची मी, पिठाचा हात लागू न देता.

दोन महिने झाले तुमचं चाललंय. ह्यांनी तुला हानायचं, तू ह्यांना हानायचं. कुनी ऐकलं, कुनी न्हाई ऐकलं, कुनाला आदी सांगितलं. डोळा कुनाचा गेला गं? माजा का तुमचा? पाच पत्रं झाली. माज्या नावानं एक वळ तरी आली का? पोस्टमन दारात मलाच भेटायचा, आनि म्हनायचा, "काकासाहेबांचं हाय, भीमाबाई." मी घ्यायची आनि ह्यांच्या हातात द्यायची. माज्या डोळ्याचीच पत्रं मी दुसऱ्याला देत हुते. लई राग आला. अजून हाय. तुमाला वाटलं आई मुकी झाली. मुकी न्हाई झाले, बोलून बोलून दमले.

आता सांगते ते ऐक. न्हाई ऐकलंस तरी कागदावर ऱ्हाईल.

चार तारखेला, मंगळवारी, मी मेथी निवडत हुते. सकाळचे नऊ वाजले असतील. उजव्या डोळ्यात चमकलं. परत चमकलं. मंग काळा ठिपका, माशीवानी, इकडून तिकडं. ह्यांना फोन लावला. ह्यांचा फोन खाली कपाटात असतो, पॅनवर न्यायचा न्हाई म्हनून. वाजून वाजून बंद झाला. मंग तुला लावला.

तू उचललास. मी म्हनले, "धने." तू म्हनलीस, "आई, पाच मिनिटांत करते."

आठवतं का बघ. न्हाई आठवत तर काढ तुजं ते रेकाडिंग.

मी मेथी तशीच टाकली, पिशवीत फाईल घातली, दाराला कडी लावली आनि स्टँडवर जाऊन नगरच्या एस्टीत बसले. एकटी. डाव्या अंगाला कोन बसलंय ते दिसत न्हवतं. राहात्याला एक बाई चढली, पेरूची पाटी घेऊन. माज्या वयाची. पाटी पायाशी ठिवली. माज्या तोंडाकडं बघितलं आनि म्हनली, "काय झालं वो बाई? तोंड का असं?" मी म्हनले, काही न्हाई. ती म्हनली, "काही न्हाई कसं? सांगा." आनि सीटवर पुरती माज्याकडं वळून बसली. मी सांगितलं. पयल्या चमकीपासून. बेचाळीस वरसांचं सांगितलं म्हन की! गतिरोधकावर गाडी आपटली, तिची पाटी कलंडली, दोन पेरू गडगडत ड्रायव्हरपत्तुर गेलं. तिनं मान वळवली न्हाई. "मंग? मंग तुमी काय म्हनला?" हेच तिचं.

कोल्हारच्या पुलावर तुजा फोन आला. सव्वा तासानं. "आई, काय गं, मघाशी?" मागं टकटक चालली हुती. मी म्हनले, काही न्हाई गं, बरी हाय. तू म्हनलीस, बरं. त्या बाईनं माज्याकडं बघितलं.

नगरला उतरल्यावर ती रिक्षात बसून माज्यासंगं दवाखान्यात आली. डागदरनी तपासलं. पडदा फाटायला लागला हुता, बारीकसा. तासाभरात लेसर मारलं. म्हनले, "येळेवर आलात. उद्या आला असता तर कठीन हुतं." डोळा वाचला, धने. दिसतंय. ती बाई बाकड्यावर बसून हुती तोवर. मंग पाटी डोक्यावर घेऊन बाजारात गेली. तिला काय काम न्हवतं का? हुतं की. निम्मा बाजार उठून गेला हुता तिचा.

इकडं शेजारच्या मच्छिंद्रनं मला एस्टीत चढताना बघितलं आनि फॅक्टरीच्या गेटवर सांगितलं. ह्यांनी चालता पॅन सोडला. आयुष्यात पयल्यांदा. पळत पळत स्टँडवर आले, तवा मी डागदरफुडं बसले हुते. समदा दाणा खोटा पडला म्हनं, फॅक्टरीत बोंबाबोंब. मंग आठ दिस घरात बसले. माज्या मागं मागं. चुलीपाशी, गोठ्यात, मोरीपत्तुर. "चमकतंय का? चमकतंय का?" जीव नकोसा केला. काल हाकलून दिलं कामावर. पॅन सोडायला कुनी सांगितलं हुतं? नुसतं वळून बघायचं हुतं, दारात, एकदा. त्याला पॅन सोडावा लागत न्हाई.

तुजंबी तेच. मार्चपासून वसरीवर बसून माज्यावर लक्ष ठेवनार म्हनं. ऱ्हाऊ दे. दोघांचा पहारा मला सोसायचा न्हाई. वसरीवर तुजी पाठच दिसनार मला, ती मी दिवाळीला बघितली. कामाला माजी कवा ना हुती गं? तुला शिकवायला मी ह्यांच्याशी भांडले हुते. तालुक्यात दुसरी आलीस तवा त्या कागदावरचा तांब्या कुनी उचलला, कागद कुनी पुसला, ट्रंकेत कुनी ठिवला? त्ये न्हाई आलं तुज्या पत्रात.

यायचं तर एक दिस ये. एकच. सोमवारी ये, मंगळवारी ये, कवाबी. त्यो मांडीवरचा डबा पुन्यात ठिव. आनि आलीस की मला म्हनू नको आई माजं चुकलं. रडूबी नको. पाट घे, बस आनि मी काय बोलते ते आदी ऐक. मेथीचं बोलंन, गाईचं बोलंन, काहीबी बोलंन.

ह्यांना सांगून ठिवलंय, धनीला नगरचं कळवायचं न्हाई, मी कळवीन. म्हनून ह्यांनी लिहिलं न्हाई. हे पत्र मी डब्यामागं ठिवनार न्हाई. पोस्टात स्वतः टाकनार.

डागदर म्हनले, परत चमकू शकतं. उद्या, न्हाईतर दहा वरसांनी. त्या दिशी तुमाला सांगीन का न्हाई, ते मी अजून ठरवलं न्हाई. त्या बाईचं नाव गोजरबाई. तिचा नंबर मी लिहून घेतलाय.

तुजी आई
भीमाबाई